नापास

दुपारच्या शांततेत डब्याचं झाकण खट्टकन उघडलं आणि परसातल्या दोन्ही सशांचे कान ताठ झाले. बुरशी लागलेलं खाद्य खाऊन परवाच एक ससा मरता मरता वाचला होता. तेव्हापासून पाच वर्षांची चिमी तपासनीस झाली होती. तिने डब्यात नाक खुपसलं.

"पास!"

मग भांड्यातलं कालचं पाणी ओतून तिने ताजं भरलं.

"शहाणी गं माझी! शिळंपाकं कुणाच्या पोटात जाऊ द्यायचं नाही," म्हणत आई स्वयंपाकघरात आली आणि ओट्याशी उभ्यानेच कालची भाजी खाऊ लागली.

मागोमाग आत आलेल्या चिमीने आईच्या वाटीत नाक खुपसलं. "नापास! फेक."

"अगं, माणसांना चालतं."

"मग बाबांच्या डब्यात ताजी का दिलीस? ते काय ससा आहेत?"