फ्रेममधला हात

सूर्य मावळायला टेकला होता. बुटांच्या जाहिरातीसाठी फोटोग्राफरला बाबांच्या खेळाडू लेकीची लांब उडी अशी हवी होती, की पोरगी वादळातून झेपावतेय असं वाटावं. वादळ काही बोलावून येत नाही, म्हणून बाबाच वाळूच्या खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसून तिच्या प्रत्येक उडीला मूठमूठ वाळू उधळत होते.

"काका, हात! तुमचा हात येतोय फोटोत!" फोटोग्राफर ओरडला.

"बाबा, मागे सरक ना जरा," लेक वैतागली. "सगळा विचका होतोय."

बाबा ओशाळून मागे सरकले. पण उडी झाली की सवयीने पुढे येऊन दाताळ्याने वाळू सारखी करायचेच. ती शाळेत होती तेव्हापासून हे काम त्यांचंच होतं. मग पुन्हा उडी, पुन्हा वाळू आणि फोटोत पुन्हा हात.

"राहू द्या काका," शेवटी फोटोग्राफरनेच हात टेकले. "कॉम्प्युटरवर पुसून टाकतो."

महिन्याभराने चौकात हा एवढा मोठा फलक लागला. दुकान तसंच उघडं टाकून बाबा बघायला धावले. काळंभोर आभाळ, उसळलेली वाळू आणि मधोमध, हवेत, त्यांची लेक. काय तो रुबाब! हात तर इतक्या सफाईने पुसला होता, की शोधूनही बाबांना सापडेना. मग चष्मा पुसून त्यांनी फोटोखालचं लेकीचं वाक्य वाचलं.

 

"माझ्या यशामागे कुणाचाही हात नाही."