सासूबाईंच्या हातचे बूझ

नवं वर्ष चार दिवसांवर आलं होतं आणि नव्या सुनेचा, सोलोंगोचा, मोदकासारखा, खिमा भरलेला एकही बूझ धड मिटत नव्हता. वाफ लागली की चुण्या उकलायच्या आणि आतल्या खिम्याचा सगळा रस भांड्यात. सासूबाईंचे बूझ मात्र साऱ्या एर्देनेत शहरात नावाजलेले. पण चुण्या घालताना त्या कुणाला स्वयंपाकघरात फिरकू द्यायच्या नाहीत.

शेवटी न राहवून तिनं दार ढकललं. सासूबाई खुर्चीत निवांत दूधचहा पीत होत्या, आणि एके काळचे पैलवान सासरे एप्रन बांधून, फावड्याएवढ्या हातांनी नाजूक चुण्या घालत होते.


"बघितलंस ना? मग जा, नवऱ्याला बोलावून आण," सासूबाई म्हणाल्या. "आता त्यानं शिकायला हवं!"