बिनफटीचं घर

“तो हीटर आत येणार नाही.” सिग्ने दारात आडवी उभी राहिली.

ओरेस्ट वासिलिक पायरीवर थांबला. सत्तरीचा शेजारी, मिशांवर बर्फ गोठलेला, हातात गॅसचा छोटा हीटर. त्याच्यामागे वादळाने रस्ता, कुंपणं, समोरची घरं सगळं पुसून टाकलं होतं. बाहेर उणे छत्तीस. सकाळी गावाची वीज गेली आणि दुपारपर्यंत एकेक घर गारठत गेलं. तशी माणसं पोरांना पांघरुणात गुंडाळून, एकमेकांच्या हाताला धरून सिग्नेकडे आली. अख्ख्या गल्लीत तेवढं एकच घर अजून उबदार होतं.

ते तिने स्वतः आखलेलं होतं. हातभर जाडीच्या भिंती, तीन-तीन काचांच्या खिडक्या, छतावर सौर पॅनेल. वर्षभरात लागेल तेवढी वीज स्वतःच तयार करणारं, गावातलं पहिलं ‘नेट झिरो’ घर. चुलीला आणि धुराड्याला त्यात जागाच नव्हती. बांधकाम चालू होतं तेव्हापासून गाव त्याला ‘थर्मास’ म्हणत हसायचं. त्याच सकाळी कॉर्बिन नावाचा तपासनीस ‘नेट झिरो’च्या लेबलासाठीची शेवटची चाचणी घ्यायला शहरातून आला होता. दाराला मोठा पंखा लावून त्याने घरातली हवा बाहेर ओढली आणि फट कुठे सापडते ते पाहिलं. फट सापडली नाही. चाचणी संपली, वादळ आलं, वीज गेली आणि कॉर्बिनही तिथेच अडकला.

“एवढी पॅनेलं आहेत वर, मग वीज कुठाय?” येणारा प्रत्येक जण विचारत होता.

“गावाची लाइन गेली की तीही बंद पडतात. बॅटरी अजून बसवलेली नाही.” दर वेळी सिग्नेचा आवाज आणखी बारीक होत होता. घरातला पारा एकवीसवरून सोळावर आला होता आणि तो वर चढवायला तिच्या हातात काहीही नव्हतं.

“माझ्या नातवाचे ओठ निळे पडतायत, आणि तुला लेबलाची पडलीय!” ओरेस्ट ओरडला. “घरात ज्योत पेटली की लेबल जाईल, हेच ना? बाजूला हो, पोरी.”

“येऊ दे गं त्यांना!” आतून त्याची मुलगी लॅरिसा रडवेल्या आवाजात म्हणाली. तान्हं बाळ तिच्या कुशीत होतं. आणखी दोघं-तिघं उठून दाराकडे आले. सिग्नेने चौकट दोन्ही हातांनी धरली.

“माझे वडील गारठून गेले नाहीत, ओरेस्ट.”

तिचा बाप हाल्वोर तळ्यावरच्या मासेमारीच्या खोपट्यात दारू पिऊन झोपला आणि थंडीने गेला, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सिग्नेने ते कधी खोडून काढलं नव्हतं.

“मी दार उघडलं तेव्हा खोपटं छान उबदार होतं,” ती म्हणाली. “हीटर चालूच होता. सगळ्या फटी त्यांनी बुजवून घेतल्या होत्या, ज्योतीचा विषारी वायू आतच कोंडला. गाल गुलाबी होते त्यांचे. मला वाटलं, झोपलेत.”

वाऱ्याने दार तिच्या पाठीवर आपटलं. ओरेस्टने हातातल्या हीटरकडे पाहिलं. मग तो वाकला, हीटर बर्फात ठेवला आणि रिकाम्या हातांनी आत आला.

अंधारून यायच्या सुमाराला कुणी डोकं दाबत बसलं, कुणी पेंगायला लागलं. पोरांची रडारड थांबली. ती थांबली म्हणूनच सिग्ने घाबरली. कॉर्बिन तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “हवा खेळवणारं यंत्र बंद आहे. इतकी माणसं, आणि हवेला आत यायला तू वाटच ठेवलेली नाहीस.”

“माहीत आहे मला.”

ती खिडकीशी गेली. कडीवरचा हात हलेना. एकदा हे घर गार पडलं की ते पुन्हा तापवता येणार नव्हतं. आणि खिडकी उघडली नाही, तर ही पोरं अशीच झोपून जाणार होती. तिने डोळे मिटून कडी फिरवली. मग दुसऱ्या टोकाची खिडकीही बोटभर उघडली. बर्फाचा भुगा सरळ आत आला.

“वेड लागलंय का तुला!” लॅरिसा किंचाळली.

सिग्नेने सगळ्यांना मधल्या खोलीत एकमेकांना खेटून बसवलं. ओरेस्टने बाळाला सदऱ्याच्या आत, छातीशी घेतलं. पारा पंधरावर आला. सिग्ने भिंतीशी त्याच्यावर डोळे लावून बसली. आता चौदा, मग दहा, मग या बाळाचं काय, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. चौदा येईना. मापक बिघडलं असेल म्हणून तिने त्याच्यावर टिचकी मारली. पंधराच. उजाडलं तरी पंधराच. बाळ भुकेने रडायला लागलं. लॅरिसाने त्याचे ओठ पाहिले, निळेपणा गेला होता, आणि तीही रडायला लागली.

वारा पडला होता. बर्फ हटवणाऱ्या गाडीमागून शाळेची बस आली. शेजारच्या गावात वीज होती, सगळ्यांना तिथे नेणार होते. निघताना ओरेस्टने सिग्नेचे दोन्ही हात हातात घेतले. “घर बांधावं तर असं, पोरी. गार म्हणून पडू दिलं नाहीस.”

कॉर्बिनची गाडी अजून बर्फाखाली होती, म्हणून तो मागे राहिला. सिग्नेने दोन्ही खिडक्या लावून घेतल्या. “लेबल मिळणार तुला,” सामान आवरताना कॉर्बिन म्हणाला. “बाहेरचं काहीही न लागणारं घर.” ती पहिल्यांदाच थोडी हसली आणि बसल्या जागी तिला झोप लागली.

दुपारी थंडीने तिला जाग आली. कॉर्बिन कोट घालून मापकासमोर उभा होता.

“अकरा झाला पारा,” तो म्हणाला. “एखादी खिडकी उघडी राहिली का?”

सिग्नेने रिकाम्या खोलीकडे पाहिलं.

“खिडक्या बंद आहेत,” ती म्हणाली. “माणसं गेली.”