धनराजचं ताट

गावजेवणाच्या पंगतीत वच्छलाबाईंनी नेहमीसारखी दोन ताटं मांडली, एक स्वतःचं आणि एक मुलाचं, धनराजचं. पत्रावळ्या अन् द्रोण बंद झाल्यापासून माणशी एकच ताट मिळे, जन्मभरासाठी. माणसाचं काळीज चालू असेतोवर त्याच्या ताटाच्या काठावर हिरवा ठिपका जळे. तो विझला की ताट सरकारजमा, आणि तेच वितळवून एखाद्या नव्या बाळाला.

भांडून घर सोडलेला धनराज आपलं ताट मागेच टाकून गेला, त्याला सहा वर्षं झाली होती. पत्र नाही, फोन नाही. पण ठिपका होता.

वाढपी भिकानं दोन्ही ताटांत बट्टी वाढली, वरण ओतलं. तूप घेऊन तो परतला, तेव्हा धनराजच्या ताटावरचा ठिपका दिसेना.

"वरण उडालं असेल," म्हणत वच्छलाबाईंनी पदरानं काठ पुसला. पुन्हा पुसला. शेजारची माणसं जेवायची थांबली.

भिका उकिडवा बसला. "काकू, ताट जमा करावं लागेल."

त्यांनी ते ताट आपल्या मांडीशी ओढून घेतलं.

"भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये रे," त्या म्हणाल्या. "तू तूप वाढ."