पाचवी कुंडी

पाच वाट्यांत पाच कुंड्यांची माती भिजत होती. लेकीने प्रत्येकीत शुद्ध पाणी मोजून घातलं होतं, ढवळलं होतं, आणि आता गाळ खाली बसायची वाट बघत ती गॅलरीत उकिडवी बसली होती. दारात धुण्याभांड्याच्या मावशी उभ्या. पिशवी अजून खांद्यावरच.

काल लेक म्हणाली होती, "भांड्यांचं साबणपाणी ओतता तुम्ही कॅक्टसवर. उद्या माती तपासते, मग ठरवू तुम्ही यायचं की नाही."

"माझ्यासमोर तपासा," एवढंच मावशी म्हणाल्या होत्या.

कोपऱ्यात आरामखुर्चीत बाबा पेपर वाचत होते.

माती तपासण्याच्या नोकरीत लेकीची पंधरा वर्षं गेलेली. हात सराईत. पहिल्या वाटीत तिने आम्लता दाखवणारी कागदाची पट्टी बुडवली, डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिली. पिवळसर. सहा. "यांना असंच लागतं, किंचित आंबट," ती पट्टीशीच बोलल्यासारखी बोलली. दुसरी सहा. तिसरी, चौथी, सहाच. पाचवी पट्टी मात्र हिरवीनिळी झाली, मोराच्या मानेसारखी. त्या कुंडीतला गोल कॅक्टस बुडापासून पिवळा पडत चालला होता.

"साडेआठ. बघा मावशी, कागद कुणाची भीड धरत नाही. साबणच हा."

"अहो ताई, ओतायचंच तर एकट्यालाच का ओतेन? बाकीचे चार काय माझे सोयरे लागतात?"

लेक हसली नाही. चमच्याच्या दांड्याने तिने पाचव्या कुंडीतले खडे बाजूला सारले. खाली पांढरा थर, भिंतीच्या चुन्यासारखा. वरचा थोडा अजून ओला. तिने बोट लावून नाकाशी नेलं.

पेपरमिंट.

पित्तावरचं पांढरं औषध. रोज सकाळ-संध्याकाळ ती चमचा भरून बाबांच्या हातात ठेवायची, "घ्या बघू पटकन" म्हणायची आणि आत वळायची. पाचवी कुंडी खुर्चीपासून हातभर अंतरावर होती.

पेपरचं पान मघापासून उलटलं नव्हतं.

"बाबा."

पेपर खाली आला. "घशाखाली उतरत नाही गं ते. मळमळतं."

"मग सांगायचं नाही का?" आवाज रोजचाच निघाला. आज तो तिचा तिलाच ऐकू आला.

"एकदा सांगितलं होतं," बाबा पायांच्या बोटांकडे बघत म्हणाले. "तू म्हणालीस, नाटकं नकोत."

"आणि काल मी मावशींना एवढं बोलले, तेव्हा?"

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि पुन्हा घातलाच नाही.

लेक मावशींकडे वळली. 'चुकलं' हा शब्द ओठापर्यंत आला, पण भलतंच बाहेर पडलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"कुंडीच्या काठावरचे ओघळ रोज कोण पुसतं?" मावशींनी पिशवी दाराच्या कडीला अडकवली. "म्हाताऱ्या माणसाचं पितळ आपण काय उघडं पाडायचं, ताई. कागद होताच की सांगायला." मग पदर खोचत आत गेल्या. "कालची कढई पण तशीच ठेवलीय वाटतं!"

आत नळ सुरू झाला. लेकीच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. तिने तांब्याभर पाणी घेतलं, चमच्याने व्हिनेगर थेंब थेंब सोडलं, पट्टी बुडवली. अजून दोन थेंब. पुन्हा पट्टी. पिवळी झाली तसं ते पाणी ती पाचव्या कुंडीत ओतू लागली.

"हळू," बाबा म्हणाले. "एकदम नको घालूस. त्याला सोसेल तसं."

ती थांबली. काहीतरी बोलायला वळली, तेवढ्यात मोबाइलचा गजर वाजला. औषधाची वेळ. तिच्या हातात व्हिनेगरचा चमचा तसाच होता.

बाबांना चष्म्याविना नुसता चमचा दिसला. खुर्चीचे हात घट्ट धरले, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.