तिसरं बटण

चार तारा, तीन बटणं, वायर खोचायचं एक भोक. जुनी बास गिटार विकत घ्यायला आलेल्या शर्वाणीने सगळं मोजलं.

“घेऊन जा पोरी,” भोसेकरकाका म्हणाले. “पस्तीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवली. आता गोधडीखालून आल्यासारखी ऐकू येते. माझे कानच गेले.”

तिने वायर खोचून स्पीकर लावला, तार छेडली. आवाज तिलाही गोधडीखालूनच आला.

“काका, दोन बटणं आवाजाची. तिसरं शेवटचं कधी फिरवलंत?”

“ऑर्केस्ट्राच्या मास्तरांची ताकीद! ते लावून द्यायचे, आम्ही हात लावायचा नाही. मास्तर गेले, पण शिस्त म्हणजे शिस्त.”

“पुसताना फिरलं असणार. शून्यावर आहे, सुराची धार मरतेय.” तिने ते दहावर नेलं आणि तार छेडली.

काका ताडकन उठले. “थांब, शहाणे! तार उतरलीय.”

शर्वाणीने सूर मोजणारा ट्यूनर लावला. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले, तर तार फक्त सहा भागांनी उतरली होती, तिच्या कानांना न कळण्याइतकी.