सदतीस वेळा

बाबांच्या पोहण्याच्या क्लासच्या वेबसाइटसाठी दोघी बहिणींनी नावनोंदणीचा एकेक फॉर्म बनवला. दर शंभर वेळा उघडल्यावर जो जास्त वेळा भरला जाईल, तोच कायम राहणार होता. थोरलीचा फॉर्म इतका देखणा की धाकटीच्या पोटात दुखायलाच लागलं. शाळेत ताईचं नाव, घरात ताईचं कौतुक, आणि आता इथेही तीच?

पण आठवड्याने निकाल लागला आणि चक्क धाकटी जिंकली! तिने सोफ्यावर उडीच मारली. ताई मात्र लॅपटॉपसमोर बसून, फॉर्म उघडणाऱ्यांचा माउस कुठे कुठे फिरला ते बघत होती.

"छोटे, ह्या एका माणसाची गंमत बघ. सदतीस वेळा माझा फॉर्म उघडलाय. ओळ न् ओळ वाचतो, बटणापाशी घुटमळतो आणि न भरताच निघून जातो. ह्याच्यामुळेच हरले बघ मी. काय खटकलं असेल गं त्याला?"

धाकटीचे कान लालबुंद झाले.

"काही नाही खटकलं," ती पुटपुटली. "इतका छान तुलाच कसा सुचला, एवढंच बघत होते मी."